हा आमचा विद्यार्थी आहे

यंदाच्या अंकासाठी 'ओळख' हा विषय ठरला आणि संपादकांचा फोन आला. कॉलेजातल्या ओळखीवर लिहू का, असं मी विचारलं. आयकार्ड, युजरनेम, पासवर्ड आणि त्यांच्या मागे उभी असलेली ती एक साधी ग्वाही: हा आमचा विद्यार्थी आहे, ह्या आमच्या प्राध्यापक आहेत. संगणकाच्या जगात ही ग्वाही कोण देतं, कशाच्या बळावर देतं आणि माणूस कॉलेज सोडून गेल्यावर ती मागे कोण घेतं, हे मला पाहायचं होतं. ॲडमिशनच्या दिवसांत मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी गेले.

पाच टेबलं, पाच याद्या

कॉलेज खासगी संस्थेचं, अनुदानित. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा. ऑफिसच्या खिडकीशी पालकांची रांग, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं: बारावीचं गुणपत्रक, टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधारची झेरॉक्स. आत भाऊसाहेब ईआरपीच्या, म्हणजे कॉलेजच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरच्या, स्क्रीनवर नाव टाकतात, पावती फाडतात. मुलगी कॉलेजची झाली, ती या क्षणी.

पण ही गोष्ट फक्त भाऊसाहेबांच्या संगणकाला कळलेली असते. ग्रंथालयात मॅडमना एन-लिस्टसाठी यादी हवी. इन्फ्लिबनेट ही गांधीनगरची संस्था २०१० पासून एन-लिस्ट चालवते. कॉलेजांना हजारो ई-जर्नल्स आणि लाखो ई-पुस्तकं त्यातून मिळतात. वाचणाऱ्या प्रत्येकाचं खातं ग्रंथपालांनी पाठवलेल्या नावांवरून उघडतं. संगणक प्रयोगशाळेतले सहायक कॉलेजच्या गुगल खात्यांची यादी ठेवतात. परीक्षा विभाग विद्यापीठाच्या पीआरएन क्रमांकावर चालतो. वसतिगृहाच्या रेक्टरांकडे लांबट रजिस्टर आहे. मुलगी एकच, याद्या पाच. प्रत्येक यादी कुठल्या तरी एका दिवशी अगदी बरोबर होती.

मॅडम नव्या यादीची जुळवणी करत होत्या, मी शेजारी बसून पाहत होते. पडद्यावर दोन एक्सेल, डावीकडे ऑफिसची, उजवीकडे गेल्या वर्षीची. जुळलेलं नाव हिरवं, शंका असलेलं पिवळं. पिवळ्या ओळी भराभर वाढत होत्या. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. एक 'लक्ष्मी' इंग्रजीत एक्स घालून लिहिलेली, दुसरीकडे तीच के, एस, एच घालून. 'दीपक'मध्ये एका ठिकाणी दोन ई, दुसऱ्या ठिकाणी एक आय. लग्न झालेल्या मुलीचं आधारवर सासरचं आडनाव, गुणपत्रकावर माहेरचं. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आईचं नाव लावायचा राज्याचा निर्णय आहे. ती पिढी कॉलेजात येईल तेव्हा नाव चार शब्दांचं असेल आणि जुळवणीला एक शब्द वाढलेला असेल. निर्णय चांगलाच आहे. माणूस ओळखायला नाव पुरत नाही, हे मात्र कॉलेजांनी आताच समजून घ्यायला हवं.

मोबाईल क्रमांकावरून जुळवता येत नाही का, असं मी विचारलं. मॅडमनी दोन ओळी दाखवल्या. बहीण-भाऊ दोघे याच कॉलेजात, दोघांच्या नावापुढे वडिलांचा एकच नंबर. जन्मतारीख? ती बरीचशी मदत करते, पण गावाकडे एक जूनला जन्मलेली मुलं फार. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली ती तारीख. शेवटी मॅडमनी ॲडमिशनच्या पावतीचा क्रमांक धरला आणि पिवळ्या ओळी एकेक करून हिरव्या केल्या. दुपारचे तीन वाजले होते. संध्याकाळपर्यंत त्या यादीत आणखी नावं वाढणार होती, आणि ऑगस्टमध्ये इंजिनीअरिंगच्या फेरीत नंबर लागला की काही मुलं टीसी घेऊन निघूनही जाणार होती. ते मॅडमना कोण सांगणार? कुणीच नाही, त्या म्हणाल्या. टीसी ऑफिस देतं.

नो ड्यूज

कागदाच्या काळात कॉलेजात शिरणं सोपं आणि बाहेर पडणं कठीण होतं. टीसी हवी असेल तर नो ड्यूजची चिठ्ठी घेऊन फिरावं लागे. ग्रंथालयाची सही, प्रयोगशाळेची सही, जिमखान्याची, वसतिगृहाची. कुठे एक परीक्षानळी फुटलेली असली तरी तिचे पैसे भरल्याशिवाय सही नाही. आमच्या पिढीने त्या चिठ्ठीला खूप नावं ठेवली. पण तिच्यामुळे मुलगा गेला हे प्रत्येक टेबलाला कळत होतं.

ती चिठ्ठी आजही आहे. मी पाहिलेल्या चिठ्ठ्यांवर चौकोन तेच जुने आहेत. संगणकावरचं खातं बंद केल्याच्या सहीसाठी चौकोन नाही. त्यामुळे मुलं जातात, खाती राहतात. गुगलने शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद साठवण दिली होती. २०२२ पासून ती संस्थेला मिळून १०० टेराबाइटवर आली. अनेक ठिकाणी जुनी खाती पहिल्यांदा उघडून पाहिली गेली ती जागा कमी पडू लागली म्हणून. सुरक्षेच्या विचाराने ती आधीच पाहिली जायला हवी होती.

प्राध्यापकांचं आणखी अवघड. निवृत्त होणाऱ्यांना शाल-श्रीफळ मिळतं, भाषणं होतात, ईआरपीमधला गुण भरण्याचा अधिकार मात्र तसाच राहतो. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबी प्राध्यापकांची गोष्ट वेगळीच. ते सत्र सुरू झाल्यावर येतात, सत्र संपलं की नियुक्ती संपते, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. बरेचजण सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात शिकवतात. एका कॉलेजाने त्यांना खातं दिलेलं नसतं, म्हणून विभागप्रमुख स्वतःचा पासवर्ड सांगतात: सर, माझ्यावरूनच भरा मार्क. हे दुष्टपणाने होत नाही, काम अडू नये म्हणून होतं. पण मग कुणी काय भरलं, याचा माग राहत नाही. आणि ज्या माणसावर कॉलेजचं निम्मं शिकवणं उभं आहे, त्याला ग्रंथालयाचं साधं खातं नाही. पासवर्ड उसना मागायला लागणं ही त्या माणसाची अप्रतिष्ठा आहे, असं मला तिथे बसल्यावर तीव्रतेने वाटलं.

दुसऱ्या एका गावात, नाव सांगत नाही, प्राचार्यांच्या अधिकृत ई-मेलचा ओटीपी एका माजी कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर जात होता. खातं उघडलं तेव्हा तो तिथे होता, त्याचा नंबर टाकला गेला. मग प्राचार्य बदलले, तेही पुन्हा बदलले, तो मुलगा पुण्याला नोकरीला लागला. विद्यापीठाच्या पोर्टलवर काही करायचं झालं की ऑफिसातून त्याला फोन जायचा: दादा, ओटीपी आला असेल बघ. तो बिचारा प्रामाणिकपणे सांगायचा. एखाद्या दिवशी त्याने नंबर बदलला असता, किंवा मनात काही आणलं असतं, तर कॉलेजची किल्ली कॉलेजच्या हातात नव्हती.

पासवर्ड जन्मला तोही कॅम्पसवर

हे सगळं फक्त आपल्याकडे होतं असं कुणाला वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. संगणकाचा पासवर्ड पहिल्यांदा वापरात आला तोच मुळी एका विद्यापीठात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फर्नांडो कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना काम करता येईल अशी यंत्रणा उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. आणि लगेच १९६२मध्ये तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने पासवर्डांची आख्खी फाईल छापून घेतली. त्याला आठवड्याला ठरवून दिलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता. अडलेलं काम आणि उसना पासवर्ड, दोन्ही तितकेच जुने आहेत.

त्यावर पुढे जे उपाय निघाले तेही बहुतेक कॅम्पसवरच निघाले. एमआयटीच्याच अथेना प्रकल्पातून कर्बेरॉस आलं. ते आज जगभरच्या कंपन्यांच्या विंडोज जाळ्यांच्या पोटात काम करतं. एकदा लॉगिन करा आणि कॉलेजची सगळी पोर्टलं उघडा, यासाठी येल विद्यापीठाने कॅस बनवलं. कोणत्या गटाला कुठली दारं उघडी, याचा हिशेब ठेवणारं ग्रूपर शिकागो विद्यापीठात वाढलं. अमेरिकी विद्यापीठांच्या इंटरनेट२ या संघटनेने २००० साली शिबोलेथ हाती घेतलं. एका कॅम्पसने आपली अडचण सोडवली, कोड उघडा ठेवला, दुसऱ्याने त्यात भर घातली. या क्षेत्राची घडण अशीच झाली आहे आणि आपल्या कॉलेजांना यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

मार्गदर्शकांची चिठ्ठी

पुण्यात संशोधनासाठी येणाऱ्या जुन्या लोकांना आठवेल. दुसऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात बसायचं तर मार्गदर्शकांची किंवा प्राचार्यांची चिठ्ठी लागे. 'पत्र घेऊन येणारे आमचे संशोधक विद्यार्थी आहेत, त्यांना ग्रंथालयाचा वापर करू द्यावा.' समोरचे ग्रंथपाल त्या मुलाला ओळखत नसत. ते लेटरहेड ओळखत, सही ओळखत. मुलाने आपल्या घरची माहिती सांगायची गरज नसे.

शिबोलेथ आणि त्याच्याखालचं सॅमल हे मानक हीच चिठ्ठी विजेवर पाठवतात. सोलापूरच्या घरी बसलेली एखादी विद्यार्थिनी प्रकाशकाच्या साइटवर जाते आणि लेख उघडायला बघते. साइट तिला पासवर्ड विचारत नाही. ती विचारते, तुमची संस्था कोणती? यादीतून तिने आपली संस्था निवडली की तिचा ब्राउझर संस्थेच्याच लॉगिन पानावर येतो. पासवर्ड ती फक्त तिथे टाकते. मग संस्थेचा सर्व्हर सही केलेला निरोप परत पाठवतो: ही व्यक्ती आमची सदस्य आहे. प्रकाशक सही तपासतो आणि लेख उघडतो. निरोपात तिचं नाव असायलाच हवं असं नाही. 'विद्यार्थी', 'प्राध्यापक', 'कर्मचारी', 'सदस्य' यांतली एखादी भूमिका आणि एक अर्थहीन क्रमांक एवढं पुरतं. तो क्रमांकही प्रत्येक प्रकाशकासाठी वेगळा ठेवता येतो, म्हणजे दोन प्रकाशकांनी आपल्या वह्या जुळवल्या तरी ती कोण, हे त्यांना कळत नाही. गैरवापर झालाच तर संस्था आपल्या नोंदीवरून तिला शोधू शकते. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर, कमीत कमी माहिती देऊन काम भागवणारी ही पद्धत प्रत्येक कॉलेजाने समजून घ्यायला हवी.

मात्र प्रत्येक संस्थेने प्रत्येक प्रकाशकाशी वेगळा करार करायचा म्हटलं तर ते कधीच होणार नाही. म्हणून संस्थांनी मंडळं बांधली, त्यांना फेडरेशन म्हणतात. अमेरिकेत इनकॉमन २००४मध्ये उभं राहिलं, ब्रिटनचं २००६मध्ये. भारतात इन्फ्लिबनेटचं इन्फेड आहे. या देशोदेशीच्या मंडळांना जोडणारा एज्युगेन २०११मध्ये आला आणि इन्फेड त्यातही आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३००हून अधिक संस्थांतले सुमारे १ कोटी ८० लाख वाचक. कॅम्पसवर असताना संस्थेचा इंटरनेट पत्ता बघून दार उघडतं. गावी गेलेल्या मुलाला घरून वाचायचं असेल तर मात्र ही विजेवरची चिठ्ठीच लागते. पैसे सरकारने भरले, नियतकालिकं आली. आता मुलगा त्यांच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे त्याच्या कॉलेजची यादी किती बरोबर आहे यावर ठरतं.

दुसऱ्याच्या अंगणात आपलं वायफाय

युरोपात शिकणारी आपली मुलं घरी फोनवर एक गोष्ट सांगतात. डेल्फ्टचा विद्यार्थी म्युनिकच्या विद्यापीठात पाऊल टाकतो आणि फोन आपोआप वायफायला जोडला जातो. याचं नाव एज्युरोम. नेदरलँड्सच्या सर्फनेट या संस्थेतल्या क्लास विरेंगा यांनी २००२मध्ये ही कल्पना मांडली, आज ती शंभराहून अधिक देशांत चालते. भारतात ती अर्नेट ही संस्था बघते. आपल्या कॉलेजांची एसी डॉट इन ही नावं देणारीही तीच.

यात कुठेही सगळ्या जगाची एक मोठी यादी नाही. फोन सांगतो, 'अमुक ॲट अमुक संस्था'. यजमान संस्था ॲटच्या पुढचा भाग वाचते, आपला माणूस नाही हे ओळखते आणि विचारणा वर पाठवते. तिच्या देशाचा सर्व्हर, तिथून गरज पडली तर वरचा सर्व्हर, मग मुलाच्या देशाचा, शेवटी त्याच्या कॉलेजचा. तिथून होकार येतो आणि वायफाय सुरू. पासवर्ड बंद नळीतून थेट घरच्या सर्व्हरपर्यंत जातो, वाटेतल्या कुणाला दिसत नाही.

एकच जागा कच्ची आहे. फोनने आपण खरंच घरच्या सर्व्हरशी बोलतोय ना, हे प्रमाणपत्र तपासून बघायला हवं. मुलं घाईत 'तपासू नका' निवडतात, आणि मग कुणी स्टेशनवर त्याच नावाचं खोटं वायफाय उभं केलं तर पासवर्ड त्याच्या हाती जाऊ शकतो. या अडचणीवर युरोपातल्या विद्यापीठांच्या लोकांनी मिळून एक साधन बनवलं. प्रत्येक संस्था आपली बिनचूक सेटिंग त्यात भरून ठेवते, मुलाने ती उतरवून घेतली की चुकायला वाव राहत नाही. आपल्या संस्थांनाही ते खुलं आहे. फुकट मिळणारी इतकी नेटकी गोष्ट आपल्याकडच्या कॅम्पसांच्या स्वागताच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या फोनवर का चढू नये?

एकाची ढिलाई, दुसऱ्याचं दार

चिठ्ठीवर जग चालतं तेव्हा चिठ्ठी देणाऱ्यावर जबाबदारी येते. एखाद्या कॉलेजने सोडून गेलेल्यांची खाती चालू ठेवली, तर त्या कॉलेजचं नुकसान होईलच, पण प्रकाशकाचा विश्वास सगळ्यांवरूनच उडू लागेल. एका खात्यावरून शेकडो लेख एका रात्रीत उतरवले गेले की प्रकाशक पुष्कळदा आख्ख्या संस्थेचा रस्ता अडवतो. सकाळी पीएचडीची मुलगी लेख उघडायला जाते आणि पान बंद.

२०१८च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नऊ इराणी व्यक्तींवर आरोप ठेवले. २१ परदेशांतली १७६ आणि अमेरिकेतली १४४ विद्यापीठं त्यांनी लक्ष्य केली, ३१ टेराबाइटहून अधिक मजकूर नेला, असं आरोपपत्रात म्हटलं आहे. प्राध्यापकांना साध्या मेल आल्या. लिंक उघडली की हुबेहूब आपल्याच विद्यापीठासारखं लॉगिन पान, त्यात पासवर्ड टाकला की तो गेला. दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावाने आलेल्या मेलवर शिक्षक विश्वास ठेवतो, हे चोरांना नेमकं ठाऊक होतं.

असा हल्ला एका कॅम्पसवर झाला की पुढचा कोण, हे सांगता येत नाही. म्हणून फेडरेशनांच्या जगात सर्टफाय नावाचा एक नियम आला. तो अगदी व्यवहारी आहे: तुमच्याकडे गडबड झाली तर फोन कोण उचलेल त्याचं नाव-नंबर द्या, आमच्याकडून विचारणा आली तर उत्तर द्या, नोंदी जपून ठेवा, आणि एकमेकांनी सांगितलेली माहिती चव्हाट्यावर आणू नका. इंडियाना विद्यापीठातून चालणारं रेन-आयझॅक हे मंडळ अशाच सूचना उच्च शिक्षणसंस्थांत फिरवतं. इनकॉमनने तर आपल्या सदस्यांसाठी किमान अपेक्षा ठरवल्या, आणि पुढे विद्यापीठांचे गट करून एकत्र बसून आपापली ओळखव्यवस्था सुधारण्याचे उपक्रम चालवले. एकजण अडला की दुसरा सांगतो, आम्ही इथे असं केलं होतं. सल्लागार नेमण्यापेक्षा हे मला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण सांगणाऱ्याने तेच दुखणं काढलेलं असतं.

ग्रंथालयातली शनिवार दुपार

महाराष्ट्रात असं एकत्र बसण्यासाठी नवं काही उभारायला नको. आपली बहुतेक कॉलेजं संस्थांची आहेत. १९१९मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेपासून ते एका जिल्ह्यापुरत्या शिक्षण मंडळांपर्यंत, एका छत्राखाली अनेक कॉलेजं असतात. प्राध्यापकांच्या बदल्या एका शाखेतून दुसरीत होतात. मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज एकत्र आली. अशा समूहात एका कॉलेजची ओळख दुसऱ्यात चालायला हवी, हा रोजचा प्रश्न होतो. यूजीसीच्या २०१९च्या 'परामर्श' योजनेत नॅकचं चांगलं मूल्यांकन मिळालेल्या संस्थेने मूल्यांकन न झालेल्या संस्थांना नॅकच्या तयारीत हात द्यायचा होता. त्याच धाग्यात हेही ओवता येईल.

एका जिल्ह्यातल्या चार-पाच कॉलेजांनी हे आपापल्या परीने सुरू केलं आहे, तिथे मला बसायला मिळालं. शनिवारी दुपारी एका कॉलेजच्या ग्रंथालयातलं लांब टेबल, पोहे, चहा. ग्रंथपाल, संगणक बघणारे सहायक, एक परीक्षा अधिकारी. सुरुवात एका कडक सूचनेने झाली. ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी विद्यार्थ्यांची आधार क्रमांकांसकट आख्खी एक्सेल टाकली होती. सगळ्यात ज्येष्ठ मॅडमनी ती तिथल्या तिथे काढायला लावली आणि नियम घातला की इथे पद्धत सांगायची, मुलांची माहिती आणायची नाही.

मग प्रत्येकाने घरून करून आणलेलं काम मांडलं. गेल्या वर्षीच्या टीसीच्या रजिस्टरमधून सहज दहा नावं उचलायची आणि त्यांची खाती चालू आहेत का बघायचं, एवढंच ते काम होतं. बहुतेकांची बहुतेक खाती चालू निघाली. कुणी कुणाला हसलं नाही. एकटीच्या कॉलेजात हे निघालं असतं तर मॅडमना प्राचार्यांसमोर मान खाली घालावी लागली असती. इथे सगळ्यांचंच तसं निघाल्यामुळे बोलणं लगेच 'का राहिली' याकडे वळलं.

सर्वात मोलाची गोष्ट परीक्षा अधिकाऱ्यांकडून आली. सीएचबीवाल्यांची खरी यादी कुठली, यावर वाद चालला होता. विभागप्रमुखांची की वेळापत्रकाची? ते म्हणाले, मानधनाच्या बिलाची. दर महिन्याचं बिल अकाउंट विभागात तपासून जातं, तिथे चुकीचं नाव टिकत नाही आणि खरं नाव सुटलं तर ते सर स्वतः येऊन उभे राहतात. टेबलाभोवती क्षणभर सगळे त्या बोलण्याचा विचार करत राहिले. मग विद्यार्थ्यांसाठीही तोच धागा धरला गेला: भरलेली फी आणि भरलेला परीक्षा अर्ज. ज्या कागदाला पैशांची तपासणी आहे, ती यादी मुळाशी धरायची आणि बाकीच्या तिच्यावरून बनवायच्या. मोठ्या विद्यापीठांतही पगाराची आणि प्रवेशाची नोंद मुळाशी धरून हेच करतात, फक्त तिथे ते सॉफ्टवेअर करतं.

एका कॉलेजने प्रत्येक मुलाला प्रवेशाच्या दिवशी एक कायमचा क्रमांक द्यायला सुरुवात केली आहे. नाव बदलो, आडनाव बदलो, क्रमांक तोच, आणि मूल गेल्यावर तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. दुसऱ्याने सीएचबी खात्यांना उघडतानाच शेवटची तारीख घातली, सत्र संपलं की खातं आपोआप मिटतं, पुन्हा नियुक्ती झाली की तेच खातं जागं होतं. तिसऱ्याने प्राचार्यांच्या मेलचा ओटीपी व्यक्तीच्या मोबाईलवरून काढून ऑथेंटिकेटर ॲपवर नेला आणि अडचणीच्या वेळचे कोड छापून सीलबंद पाकिटात कॉलेजच्या तिजोरीत ठेवले. प्राचार्य बदलले की पाकीटही चार्जमध्ये द्यायचं आणि नवे कोड काढायचे. ज्यांना स्वतःच्या फोनवर कॉलेजचं ॲप नको, त्यांचं काय? हा प्रश्न एका सहायकाने काढला आणि तो रास्त होता. अशांसाठी कॉलेजने यूएसबीची छोटी सुरक्षा-किल्ली घेऊन द्यावी, निदान परीक्षा आणि हिशेब विभागासाठी, असं ठरलं. पैसे कुठल्या खात्यावर टाकायचे, ते प्रत्येकजण आपल्या कार्यालय अधीक्षकांना विचारणार होता.

नो ड्यूजच्या चिठ्ठीवर नवा चौकोन घालायला कुणाचीच हरकत नव्हती. नमुना एकाने तिथेच कागदावर काढला, बाकीच्यांनी फोनमध्ये फोटो घेतला. पुढच्या बैठकीला ऑफिसचे भाऊसाहेब हवेत, त्यांच्याशिवाय हे एक पाऊलही पुढे जाणार नाही, यावर सगळे ठाम होते.

स्वतःचा शिबोलेथ सर्व्हर चालवावा का, यावर मात्र बोलणं थोडक्यात संपलं. लहान कॉलेजला तो झेपत नाही. प्रमाणपत्राची मुदत एका रविवारी संपली तर सोमवारी आख्खं कॉलेज बाहेर. नेदरलँड्समध्ये सर्फकॉनेक्स्ट मधल्या केंद्रासारखं बसून सगळ्या संस्थांचे निरोप पुढे पाठवतं, संस्थेला जोडणी फक्त त्या एका केंद्राशी ठेवावी लागते. जिल्ह्यापुरतं किंवा संस्थेपुरतं असं काही व्हावं, यासाठी आपल्या व्यवस्थापनाकडे एकत्र पत्र द्यायचं ठरलं. मला विचाराल तर राज्यातल्या मोठ्या शिक्षणसंस्थांनी हे काम आधी करावं. त्यांच्याकडे माणसं आहेत, शाखा आहेत, आणि ज्या तालुक्याच्या मुलांकडे इंटरनेटवरचा लेख उघडायला दुसरा मार्ग नाही, ती त्यांचीच मुलं आहेत.

वाद रंगला तो शेवटी, पास झालेल्या मुलांच्या खात्यांवर. टीसी घेतली की ग्रंथालयाचं खातं बंद, यावर एकमत होतं, प्रकाशकाशी झालेला करार तेच सांगतो. पण मेल? पुनर्मूल्यांकनाचा निकाल, पदवी प्रमाणपत्राची सूचना, मास्टर्सच्या अर्जाचा पाठपुरावा, सगळं मुलाच्या कॉलेजच्या मेलवर येत असतं. ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, पदवीदान होईपर्यंत चालू ठेवा, मुलगा शेतात काम करत असेल, त्याला दुसरी मेल करून सगळीकडे कळवायला वेळ लागतो. संगणक बघणारे म्हणत होते, सहा महिने पुरे, सोडून दिलेल्या खात्यावरूनच खोट्या मेल सुटतात. कुणी मागे हटेना. अखेर दोन कॉलेजांनी सहा महिन्यांची आणि बाकीच्यांनी पदवीदानापर्यंतची मुदत घेतली, मुदत संपण्याआधी मुलाला तीनदा कळवायचं असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं, आणि दुसऱ्या सत्राच्या शेवटी कुणाकडे काय अडचणी आल्या ते पुन्हा याच टेबलावर मांडायचं ठरवून लोक आपापल्या एसटीच्या वेळा पाहू लागले.